जांभ्याची भिंत आणि आठ तारा

जांभ्याच्या भिंतीला वाय-फाय मानवत नाही. दीड फूट जाडीची, चुन्यात बसवलेली, पावसाळ्याचे चार महिने पाणी पिऊन जड झालेली ही भिंत. तिने आजवर वारा अडवला, ऊन अडवलं, शेजारच्या घरातलं भांडण अर्धंअधिक अडवलं. रेडिओलहरींना तेवढी वेगळी वागणूक द्यावी, असं तिला कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे ओटीवर राउटर लावला की ओटीवर इंटरनेट, माजघरात इंटरनेटची कुणकुण आणि मागच्या पडवीत नुसती आशा. हल्लीचे राउटर दोन तऱ्हेच्या लहरी सोडतात. पाच गिगाहर्ट्झवाल्या वेगाने धावतात, पण भिंत आडवी आली की हातपाय गाळतात. २.४वाल्या मंद, पण चिवट. त्या एखादी भिंत ओलांडतात आणि दुसरीपाशी दमतात. आमच्या घराला ओटीपासून पडवीपर्यंत तीन भिंती आहेत.

आगरदांड्यात रेंज ही शोधायचीच गोष्ट. राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेलं आमचं गाव. पलीकडे दिघी, मध्ये खाडी, आणि या काठावरून त्या काठावर माणसं, मोटारी, टेम्पो, मोटरसायकली असं सगळं एकत्र नेणारी फेरीबोट. मुरूडकडून दिवेआगर-श्रीवर्धनला निघालेले पर्यटक जेट्टीवर गाडीतून उतरतात आणि समुद्राकडे बघायच्या आधी मोबाइल वर धरून आभाळाकडे बघतात. गावातल्यांना जागा ठाऊक असतात. विहिरीच्या कठड्यापाशी थोडी, देवळाच्या मागच्या पायरीवर बरी, आणि सगळ्यात चांगली वाडीतल्या एका माडाखाली. त्या माडाखाली उभं राहून कोणी लांबण लावली, की येणारा-जाणारा नुसतं बोट वर करून दाखवतो. नारळ पिकलेले असतात.

माझा भाचा पुण्याच्या एका कंपनीत आहे. करोनानंतर त्याला कुठूनही काम करायची मुभा मिळाली आणि ‘कुठूनही’चा अर्थ त्याने आजोळ असा काढला. पहिले काही दिवस तो राउटरपाशी, म्हणजे ओटीवर बसला. पण ओटीवर बसलेल्या माणसाला काम आहे असं आगरदांड्यात कोणी मानत नाही. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून “कधी आलास? किती दिवस आहेस? आई कशी आहे?” एवढं तरी विचारतोच, आणि उत्तर मिळालं की पायरीवर टेकतो. भाचा कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलतोय हे दिसत असतंच, पण ते त्याचं त्याचं चाललेलं असतं. शेवटी तो पडवीत गेला. तिथे खिडकी आहे, सुपारीची सावली आहे, शांतता आहे. नव्हतं ते फक्त इंटरनेट. मीटिंगमध्ये त्याचा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठायचा. तोंड उघडं, डोळे मिटलेले. पलीकडच्या साहेबांना तो सतत शिंकण्याच्या बेतात असलेला माणूस वाटत असणार.

“मामा, सरळ लॅनची वायर टाकू,” तो म्हणाला.

मग मुरूडहून केबलवाला पोरगा आला. खांद्याला वायरीचं भेंडोळं, खिशात क्रिम्पिंगची पक्कड. आल्या-आल्या त्याने भिंतीला हात लावून पाहिला आणि “काका, ही भिंत वाय-फायला नाय सोडणार” असं निदान केलं. जांभा तसा पाडायला सोपा. ड्रिल लावलं की लाल भुगा भुरुभुरु गळतो. पण देवघराच्या भिंतीला भोक पाडायला मामीचा नकार. (माझी बायको सगळ्या घराची मामी आहे, तेव्हा इथेही मामीच.) स्वयंपाकघरातून न्यायची तर उंदीर आहेत. शेवटी पोरालाच भिंतीच्या कोपऱ्यात, वाशाखाली, कोळ्याच्या जाळ्याआड एक जुनं भोक सापडलं. टेलिफोनच्या वायरीसाठी कोणे एके काळी पाडलेलं. टेलिफोन जाऊन बरीच वर्षं झाली, पण भोक आपलं जागेवर होतं. नवी वायर त्यातून सुळकन गेली.

पुढचा कार्यक्रम बघायला घरातली सगळी जमली. पोराने वायरीचं वरचं साल काढलं. आत आठ बारीक तारा, दोन-दोनचे चार पीळ. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. त्याने पीळ उलगडले, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून एकेक तार सरळ केली, आणि पाठ म्हटल्यागत पुटपुटत रांगेत लावली: व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राउन, ब्राउन. मग सगळ्यांची डोकी एका रेषेत कापली, पारदर्शक कनेक्टरमध्ये सारली, उजेडाकडे धरून आठही टोकं पुढपर्यंत पोहोचली का ते पाहिलं, आणि पक्कड दाबली. कट्ट.

“मध्येच निळी का रे? हिरव्या जोडीला तोडून?” मामीने विचारलं. तिला रांगोळीची नजर आहे. रंगांचा क्रम चुकलेला तिला खपत नाही.

पोरगा म्हणाला, “असंच असतं, मामी.”

असंच असतं हे खरं, पण त्याला कारण आहे, आणि ते आमच्या भिंतीतल्या भोकाशी जुळणारं आहे. टेलिफोनच्या जॅकमध्ये लाइन नेहमी मधल्या दोन तारांवर असायची. संगणकाच्या वायरीचा क्रम ठरवताना जुन्या फोनचं जमावं म्हणून मधली जागा त्या निळ्या जोडीसाठी राखून ठेवली, आणि बिचाऱ्या हिरव्या जोडीला तिच्या दोन्ही बाजूंना पाय फाकून उभं राहावं लागलं. फोन घराघरातून निघून गेला, त्याचं आसन मात्र जगातल्या प्रत्येक लॅन वायरीत अजून मध्यभागी आहे. गंमत म्हणजे शंभर मेगाबिटच्या वेगाला आठांतल्या चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरव्या. निळ्या नि तपकिरी नुसत्या सोबतीला. गिगाबिटचा वेग हवा असेल तरच आठही जणींना कामाला लागावं लागतं.

पीळ घालायची युक्ती त्याहून जुनी. ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ सालची. बाहेरचा गोंगाट, म्हणजे शेजारून जाणारी विजेची तार, मिक्सर, पाण्याचा पंप यांचा उपद्रव, पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा मोजतं, त्यामुळे जे दोघींवर सारखं पडलं ते आपोआप वजा होतं. चारही जोड्यांचे पीळ पुन्हा कमी-जास्त घट्ट ठेवलेले असतात, म्हणजे एका जोडीचं बोलणं दुसरीच्या कानावर जात नाही. एवढ्याशा वायरीत चार जावा एकत्र नांदवण्याची ही व्यवस्था मामीला फार आवडली.

तिला त्याहून आवडलं ते सोनं. कनेक्टरच्या तोंडाशी जे आठ चिमुकले दात असतात त्यांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, सायकलची घंटा गंजते, कपाटाची किल्ली कुलपातच विरघळते. खाऱ्या हवेत टिकायचं तर हे हवंच. पोराने हे सांगितल्यावर मामीने कनेक्टर हातात घेऊन चष्म्याखालून निरखला आणि म्हणाली, “इतक्या वर्षांनी या घरात सोनं आलं, तेही वायरीला.” मी वायरीकडे बघत राहिलो.

वायर पडवीत पोहोचली आणि लक्षात आलं की लॅपटॉपला ती लावायला जागाच नाही. भाच्याचा लॅपटॉप भाकरीहून जेमतेम जाड. वायरीची खोबण सेंटिमीटरभराहून उंच. ती बसणार कुठे? ही लाट २००८ पासूनची. त्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, तेव्हा लोक टाळ्या वाजवण्यात दंग होते. त्याला लॅनची खोबण नाही आणि वायर जोडायची तर वेगळा तुकडा विकत घ्यावा लागेल, हे नंतर ध्यानात आलं. मग बाकीचेही सडपातळ होत गेले. काहींनी मधला मार्ग म्हणून खालचा जबडा उघडणारी खोबण काढली, पण ती वायर लावताना मोडेल की काय अशी धास्ती वाटते. आमच्यासाठी तो तुकडा, इथल्या भाषेत ‘लॅनचा कन्व्हर्टर’, अलिबागहून मागवावा लागला. तो येईपर्यंत वायर पडवीत खिळ्याला टांगलेली होती, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना ती दाखवत होतो.

कन्व्हर्टर आला, वायर लागली, हिरवा दिवा लागला, नारिंगी लुकलुकायला लागला. तरी इंटरनेट नाही. भाच्याने पाहिलं तर लॅपटॉपने स्वतःला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतला होता. वायरीला लागलेलं यंत्र आधी पत्ता मागतं. कोणी दिलाच नाही, तर थोडा वेळ वाट बघतं आणि मग आपला आपणच एक पत्ता घेऊन बसतं. तसा पत्ता दिसला की जाणकार ओळखतात, वायर ठीक आहे, पण पलीकडे दार उघडायला कोणी आलेलं नाही. राउटर बंद करून चालू केला, आणि १९२.१६८.१ने सुरू होणारा रीतसर पत्ता मिळाला. हा पत्ता मिळाल्याचा मला उगाच अभिमान वाटत होता. तर भाचा म्हणाला, हाच पत्ता पुण्यातल्या त्याच्या खोलीतही आहे आणि जगभरातल्या कोट्यवधी घरांत आहे. म्हणजे कोकणात गावोगाव मधली आळी असते तसं. आपल्या गावात ‘मधल्या आळीत राहतो’ म्हटलं की पुरतं. गावाबाहेर पडल्यावर त्या पत्त्यावर पत्र यायचं नाही. बाहेरच्या जगासाठी वेगळा पत्ता राउटर बाळगून असतो.

वायरवाल्या या जाळ्याचं, इथरनेटचं, मूळ मात्र बिनतारी आहे आणि तेही बेटांवरचं, हे मला कळलं तेव्हा समुद्रकाठचा माणूस म्हणून बरं वाटलं. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, कारण मध्ये समुद्र. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. ज्याला बोलायचं त्याने बोलावं; पोच आली नाही तर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं असं समजावं, आणि थोडं थांबून पुन्हा बोलावं, असा त्याचा सरळ हिशेब. बॉब मेटकाफ नावाच्या तरुणाचा प्रबंध हार्वर्डने पुरेसा तात्त्विक नाही म्हणून परत केला होता. त्याने अलोहानेटचा अभ्यास करून त्यात भर घातली, पदवी मिळवली, आणि कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात तीच कल्पना रेडिओतून काढून वायरीत घातली. २२ मे १९७३ रोजी त्याने तसं टिपण लिहिलं. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्याने जाळं उभं केलं. एकच जाड केबल, आणि तिला लटकलेले सगळे संगणक.

त्यात त्याने एक शिष्टाचार घातला. बोलण्याआधी ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा. शांतता झाली की बोला. तरीही दोघांनी एकदम तोंड उघडलं, तर दोघांनीही गप्प व्हा आणि कमी-जास्त वेळ थांबा. किती थांबायचं ते ज्याचं त्याने चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे पुन्हा एकदम तोंड उघडणार नाही. पुन्हा आदळलं तर थांबण्याची मुदत आणखी वाढवा. हे नियम ग्रामसभेत लावावेत असं मला फार वाटतं, पण तिथे पहिला नियमच कोणी पाळायचं नाही. खुद्द वायरीतही ते आता मागे पडले. मधोमध स्विच नावाची पेटी आली, प्रत्येकाला स्वतःची वायर मिळाली, येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा झाला. कोणाला थांबायची गरज उरली नाही. सभ्यपणा पुस्तकात राहिला. हवेत मात्र अजून सगळ्यांना तीच एक जागा वाटून घ्यावी लागते, म्हणून वाय-फायला आजही ऐकून मगच बोलावं लागतं.

आणि बिनतारी बिनतारी म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते बिनतारी असतं किती? ओटीपासून पडवीपर्यंत. फार तर माडापासून टॉवरपर्यंत. त्यापुढे सगळी वायरच. मुंबई १८७० साली समुद्राखालच्या तारेने एडन आणि सुएझमार्गे युरोपशी जोडली गेली, आणि आजही देशादेशांतली बहुतेक सगळी बोलणी समुद्रतळावरच्या काचतंतूंतूनच जातात. त्यातल्या बऱ्याच केबली वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्याच गावाला, किनाऱ्याला लागतात. त्या तुटतात त्या बहुतेक वेळा जहाजाच्या नांगराने नाहीतर मासेमारीच्या जाळ्याने. भाच्याचा चेहरा अमेरिकेतल्या साहेबाला दिसतो तो अवकाशातून जात नाही. मांदेली-बोंबलांच्या खालून जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, सुपाऱ्या आणि माड आडवे झाले, त्यांच्यासोबत विजेचे खांबही, तेव्हा मोबाइलचे टॉवर मुके झाले. लहरींना वादळाने काही केलं नव्हतं. टॉवरच्या पायाशी येणाऱ्या तारांचं काम तमाम झालं होतं.

पडवीत वायर आली तसा भाचाही पडवीत स्थिरावला. हे मला सगळ्यात आवडलं. पूर्वी घरात प्रत्येक गोष्टीला जागा असायची. रेडिओ फळीवर, टेलिफोन ओटीवर, त्यावर विणलेला रुमाल. आमचा नंबर वाडीतल्या बऱ्याच जणांनी ‘पीपी’ म्हणून दिलेला होता. फोन आला की कोणीतरी धावत जाऊन माणूस बोलावून आणायचं, आणि तो माणूस दम खात “हॅलो” म्हणेपर्यंत ट्रंककॉलचं मीटर पळत असायचं. पण फोनवर बोलणारा माणूस ओटीवर आहे, हे पक्कं. मोबाइल आल्यापासून पहिला प्रश्न “कुठे आहेस?” आणि त्याचं उत्तर बहुतेकदा खोटं. वाय-फायने हेच घरात आणलं. पोरं अंथरुणात, जिन्यात, कुठेही वेटोळं करून काम करतात. चहा घेऊन मामीला घरभर फिरावं लागे. आता ती सरळ पडवीत जाते. मांजरानेही कन्व्हर्टरशेजारची जागा धरली आहे. तो तुकडा कोमट होतो.

वायरीचा एक तोटा मात्र आधी कोणाच्या ध्यानात आला नव्हता. आवाज अजिबात तुटत नाही. मागच्या दाराला कोळीण मावशी येते ती पडवीच्या खिडकीसमोरच पाटी उतरवते. पूर्वी तिची हाक मीटिंगमध्ये अर्धीमुर्धी जायची; पलीकडच्यांना वाटायचं, लाइनमध्ये खरखर आहे. आता अख्खी जाते.

“घे वैनी, कोळंबी बघ, ताजी हाय! काल म्हागात घेतलीस, आज स्वस्त लावते!”

“काल तू फसवलंस मला!”

“मी फसवेन? या दर्याची शपथ!”

भाचा माइक बंद करायला धडपडतो, पण तोवर हा सौदा बंगळुरूपर्यंत पोहोचलेला असतो. तिथे त्याच्या गटात एक कारवारचा मुलगा आहे. तो मीटिंग संपताना न चुकता विचारतो, कोळंबीचं शेवटी कितीला ठरलं?

केबलवाल्या पोराने जाताना एक सूचना दिली होती. मे महिन्यात वळवाचे ढग गडगडायला लागले, की वायर काढून ठेवायची. रस्त्यावरून येणारा काचतंतू वीज वाहून आणत नाही, पण राउटर विजेच्या बोर्डाला लागलेला असतो. तारेवर झटका आला तर तो राउटरमधून तांब्याच्या वायरीत आणि तिथून लॅपटॉपमध्ये. खोबणीच्या आत दीड हजार व्होल्ट सोसतील अशी चिमुकली ट्रान्सफॉर्मरं असतात, पण आभाळातली वीज कोटींच्या हिशेबाने बोलते. ही सूचना त्याने भाच्याला दिली होती. ऐकली मामीने.

त्यामुळे दिघीच्या बाजूने काळं यायला लागलं, की मामी कामाला लागते. आधी टीव्ही, मग पंप, मग मिक्सर, मग पडवी. गडगडायची ती वाट बघत नाही. परवा भाचा एका गिऱ्हाइकाला काहीतरी महत्त्वाचं समजावत होता, हातवारे रंगात आले होते, तेवढ्यात मामीने शांतपणे येऊन कनेक्टरचा चाप दाबला आणि वायर काढून खिळ्याला लावली.

“अगं मामी! दोन मिनिटं तरी!”

“वीज काय तुझ्या साहेबाला विचारून पडणार आहे?”

त्यांच्या कंपनीत मीटिंगमधून मध्येच गळलेल्या माणसाने कारण नोंदवायचं असतं. भाचा मोबाइल घेऊन ओटीवर आला. यादी होती: वीज गेली, नेटवर्क बंद, यंत्र बिघडलं, तब्येत, आणि शेवटी इतर. वीज होती, नेटवर्क चालू होतं, यंत्र ठणठणीत होतं. त्याने ‘इतर’वर बोट ठेवलं, तशी खाली चौकट उघडली: कारण थोडक्यात लिहा.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मामीकडे. ती फ्रिजचा प्लग काढत होती.

“मामी म्हणून लिही,” ती म्हणाली. “आणि साहेबाला म्हणावं, तुमच्याकडे ढग असतील तर तुम्हीही काढून ठेवा.”